आजीला वाचता येईना: घरच्या ग्रुपवर मराठी कुठल्या अक्षरांत लिहिता?

माजघर:

नमस्कार मंडळी, प्रश्न घरगुती आहे पण बऱ्याच घरांत असणार असं वाटतं म्हणून इथे टाकतेय.

आमच्या घरचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, सगळी चुलत मावस आते भावंडं, त्यांची मुलं आणि माझी आजी. आजी ८४ वर्षांची, वाईला असते, जुनी सातवी झालेली आणि वाचनाचं इतकं वेड की पेपर आला की पहिल्या पानापासून शेवटच्या जाहीर नोटिशीपर्यंत वाचून काढते. मागच्या वर्षी काकानं तिला फोन घेऊन दिला, ग्रुपात घेतलं, तिला वाटलं आता पोरांचं रोजचं काय चाललंय ते कळत राहील. पण ग्रुपवर जवळजवळ सगळे मराठी लिहितात ते इंग्रजी अक्षरांत. मी पण. ऑफिस, बँक, सगळं इंग्रजी कीबोर्डावर, मग भावाला "जेवलास का" एवढं विचारायला कुठे कीबोर्ड बदलायचा, अशी सवय लागली ती लागलीच.

मे महिन्यात आठ दिवस वाईला होते. दुपारची जेवणं झाली की आजी खिडकीशी बसते, पदरानं चष्मा पुसते, फोन हातभर लांब धरते आणि एकेक अक्षर लावायला बघते. के... ए... वाय. मग माझ्याकडे देते, "वाच गं, काय म्हणतायत पोरं." मी वाचलं, "काय करताय सगळे." तर म्हणाली, "एवढंच होय." आणि फोन कोनाड्यात ठेवून दिला. नंतर दोन दिवस हातात घेतला नाही तिनं. त्या फोनवर त्या दोन दिवसांत माझ्या भाचीचा दहावीचा निकाल आला, सगळ्यांनी अभिनंदन केलं, आणि आजीला ते तिसऱ्या दिवशी माझ्याकडून कळलं. तेव्हापासून मला चैन नाहीये.

गेल्या नवरात्रातलं पण सांगते. काकूनं ग्रुपवर टाकलं की संध्याकाळच्या आत एम ए एल आणून ठेव. तिला म्हणायचं होतं घटाची माळ. चुलतभावाचं दुकान आहे, त्यानं वाचलं माल, आणि तो गोडाउनला गेला. सातवी माळ रात्री उशिरा चढली. आजीला ते फार लागलं, बोलली काही नाही.

तर विचारायचंय की तुमच्या घरी काय करता? सगळ्यांना देवनागरीत लिहा म्हणून सांगितलं तर ऐकतात का? ८४ व्या वर्षी फोनवर मराठी लिहायला शिकवता येतं का कुणाला, शिकवलंय का कुणी? आणि माझा भाचा १७ वर्षांचा, मराठी अगदी स्वच्छ बोलतो, पण म्हणतो देवनागरी वाचायला त्याला वेळ लागतो. हे मला आजीच्या प्रश्नापेक्षाही जास्त खुपतंय.

बाराखडीवाला:

माजघर ताई, आधी कामाचं सांगतो. आजींना कीबोर्ड शिकवूच नका. बऱ्याच फोनच्या कीबोर्डात मराठी भाषा जोडताना हस्तलेखनाचा पर्याय मिळतो, म्हणजे खाली कोरी पाटी येते, तिच्यावर बोटानं लिहायचं, वरती छापील अक्षर उमटतं. माझ्या वडिलांना (वय ७९) टाइप करायला शिकवायला मी चार महिने घालवले, काही उपयोग झाला नाही, कारण "प्र" लिहायचा तर आधी प, मग पायमोड (अक्षर अर्धं करणारी खूण), मग र, हे त्यांच्या हाताला पटेना, त्यांच्या हातानं साठ वर्षं प्र एका झटक्यात काढलाय. पाटी दिली तर त्याच दिवशी लिहायला लागले.

बोलून लिहायची सोय पण आहे, माइकचं बटन दाबायचं आणि बोलायचं, पण माझ्या अनुभवात स्वल्पविराम पूर्णविराम नीट येत नाहीत आणि म्हाताऱ्या माणसांचा सावकाश बोलण्याचा वेग त्याला झेपत नाही, वाक्य संपलं समजून मधेच बंद होतं.

आता थोडं लांबण लावतो कारण हा माझा जिव्हाळ्याचा विषय. आम्ही फॉन्टच्या जमान्यातले लोक. प्रत्येक वर्तमानपत्राच्या साइटचा स्वतःचा फॉन्ट असायचा, तो आधी उतरवून घ्या, नाहीतर बातमीच्या जागी नुसती चिन्हांची रांगोळी. एकाला पाठवलेलं दुसऱ्याला दिसायचं नाही. त्यामुळे ईमेलमध्ये मराठी म्हणजे रोमनच, दुसरा इलाजच नव्हता. मायबोली ही मराठी साइट १९९६ ला सुरू झाली, तेव्हा परदेशातली मराठी माणसं अशीच रोमनमध्ये मराठी लिहायची. मग युनिकोड, म्हणजे सगळ्या संगणकांना समजणारी अक्षरांची एकच पद्धत, घराघरात पोचलं, ब्राउझरमध्ये देवनागरी उमटायला लागली, मराठी विकिपीडिया १ मे २००३ ला चालू झाला, आणि त्या आठ-दहा वर्षांत नेटवरच्या मराठी लोकांनी स्वतःचे शब्द पाडले. धागा, प्रतिसाद, दुवा, व्यनि (व्यक्तिगत निरोप), खरडवही, टंकणे (टाइप करणे), अवांतर, पुलेशु (पुढील लेखनास शुभेच्छा). कुठल्या समितीनं बसून केलेले नाहीत हे, लिहिता लिहिता झाले. मला आठवतंय पहिल्यांदा कुणीतरी "टंकायला कंटाळा आला" लिहिलं आणि पुढच्या आठवड्यात आम्ही सगळेच टंकत होतो. म्हणजे अडचण होती तेव्हा आपण रोमन वापरली आणि अडचण गेली तेव्हा आपणच एवढं उभं केलं. मग स्मार्टफोन आले, इंग्रजी कीबोर्ड समोर तयार, आणि अडचण नसताना आपण परत मागे गेलो. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आणखी एक, जे देवनागरीत लिहितात त्यांच्यासाठी. "पुर्‍या" मधला अर्धा र नीट येत नाही म्हणून लोक "पुर्या" लिहून मोकळे होतात. फोनच्या कीबोर्डावर र जरा वेळ दाबून धरला की बहुतेक वेळा नुक्तावाला ऱ मिळतो, त्याला पायमोड देऊन य लावा, ऱ्य. नाहीतर "आचाऱ्यांना बोलवा" आणि "आचार्यांना बोलवा" यातला फरकच उरत नाही, आणि दऱ्यांचा दर्या होतो. बरं हा ऱ्य युनिकोडात दोन प्रकारे साठवता येतो, दिसायला दोन्ही सारखे, पण शोधायला गेलं की एका प्रकारानं लिहिलेलं दुसऱ्या प्रकारानं सापडत नाही. ॲ चं पण तेच. त्याला युनिकोडात स्वतंत्र जागा २००८ ला मिळाली, त्याआधी अ वर चंद्र जोडून भागवायचो, आणि आजही नेटवर दोन्ही जातींचे ॲ फिरतायत.

काय_बिघडलं:

मला नाही पटत, आणि भांडायला नाही, खरंच नाही पटत म्हणून लिहितोय. वय २२, पुणे. मी आणि माझे मित्र दिवसभर मराठीत चॅट करतो. रोमनमध्ये करतो म्हणून तर मराठीत करतो, देवनागरीची सक्ती असती तर सरळ इंग्रजीत केलं असतं. रोमनमुळे मराठी फोनवर टिकलीये असं माझं मत आहे.

आणि आमची रोमन तुम्ही समजता तशी इंग्रजीची नक्कल नाहीये. आम्ही स्वर खातो. "मला" म्हणजे एम एल ए, "बघू" म्हणजे बी जी एच यू, "करतोय" मध्ये के आर टी ओ वाय. झ ला झेड. हे कुणी शिकवलेलं नाही पण सगळ्यांना वाचता येतं. शिवाय मराठीतले दोन च आणि दोन ज, "चार" मधला च आणि "चारा" मधला च, हे देवनागरीत तरी कुठे वेगळे दाखवतात? वाचणारा ओळखून घेतो ना. तसंच रोमनमध्ये पण ओळखून घेतो. आपल्याकडे मोडी होती, शेकडो वर्षं सगळा कारभार मोडीत चालला, ऱ्हस्व दीर्घ सुद्धा पाळायचे नाहीत त्यात, मग तिच्या जागी सगळीकडे बाळबोध, म्हणजे आजची देवनागरी, आली, मराठी थोडीच संपली. लिपी म्हणजे भाषा नाही.

आजींचं मात्र वाईट वाटलं. त्यांच्यासाठी वेगळा मेसेज देवनागरीत टाकता येईल.

माजघर:

@काय_बिघडलं, तुझं स्वर खाण्याचं वाचून मी माझे जुने मेसेज काढून बघितले, मी पण खाते, कधी लागलं कळलंच नाही. पण "वेगळा मेसेज" इथेच माझं अडतं रे. तिला वेगळं पानात वाढलेलं नकोय, तिला पंगतीत बसायचंय. तुम्ही चार जण एकमेकांना काहीतरी बोलताय आणि ते तिच्या कानावर पडतंय, एवढंच तिला हवंय.

@बाराखडीवाला दादा, पाटीचं माहितीच नव्हतं. करून बघते. अनेक आभार.

मांडवीकाठ:

गोव्याहून लिहितोय. इथं रोमन अक्षरांत मराठी हे काही कालचं नाही हे सांगायला आलो. फादर थॉमस स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण १६१६ ला राशोलला छापलं ते मराठी ओव्यांत आहे आणि रोमन लिपीत आहे, कारण देवनागरीचे छपाईचे खिळे पाडायची सोय तेव्हा नव्हती. म्हणजे तिथेही तेच, यंत्र जे देईल ते अक्षर. चारशे वर्षं झाली.

आणि आमच्याकडे रोमी, म्हणजे रोमन लिपीतली कोंकणी आहे, तिच्यात तियात्र (कोंकणी नाटकं), वर्तमानपत्रं, कादंबऱ्या सगळं आहे. राज्याच्या १९८७ च्या राजभाषा कायद्यात कोंकणी म्हणजे देवनागरीतली कोंकणी असं धरलं, तेव्हापासून रोमीवाले आपला हक्क मागतायत, तो विषय मोठा आहे, इथे काढत नाही. मला सांगायचंय ते वेगळंच. रोमीत एक्स लिहिला की तो श. शब्दाच्या शेवटी एम आला की तो नाकातला उच्चार. हे पिढ्यानपिढ्या ठरत आलेलं आहे, चर्चमधल्या प्रार्थनेच्या पुस्तकात आजी वाचते आणि नात वाचते ते एकच असतं. म्हणून तिथं रोमन अक्षर घरात भिंत घालत नाही. @काय_बिघडलं, तुझ्या मित्रांच्या रोमनला अजून तसं काही ठरलेलं नाही, तुझं तुझ्या दोस्तांना कळतं, तुझ्या भावाच्या दोस्तांना निम्मं कळतं, आजीला काहीच नाही. लिपी रोमन असण्यात वाईट काही नाही, पण ठरलेलं नसण्यात आहे.

नववी_ब:

मराठी शिकवते, बावीस वर्षं झाली, गाव सांगत नाही. माजघर ताईंच्या भाच्यासारखे माझ्या वर्गात पस्तीस तरी बसलेले आहेत.

मुलांचं मराठी बिघडलं म्हणून रडणारी मी नाही. वेलांट्या आमच्या वेळीही चुकायच्या, फळ्यावर दहादा लिहायची शिक्षा आम्हालाही होती. पण काही गोष्टी खरंच बदलल्यात आणि त्या माझ्या डोळ्यांदेखत बदलल्यात. निबंधात पूर्णविराम गायब झालाय. मुलं एक वाक्य लिहितात आणि पुढचं नव्या ओळीवर सुरू करतात, चॅटसारखं, त्यांच्या मते ओळ संपली म्हणजे वाक्य संपलं. "म्हणाला" जवळपास गेला, सगळीकडे "बोलला", "तो मला बोलला की". "मला मदत कर" च्या जागी "माझी मदत कर", हे हिंदी रील्समधून आलं. पण मराठी रील्समधून "नाद खुळा", "काटा किर्र", "विषय हार्ड" हे कोल्हापूरचं बोलणं आमच्या गावात आलं, जिथून कोल्हापूर एका रात्रीच्या प्रवासावर आहे. ही मुलं कधी कोल्हापूरला गेलेली नाहीत, पण तो हेल त्यांना अचूक जमतो. पूर्वी एवढा लांबचा शब्द यायचा तो सासर-माहेरावरून नाहीतर बदलीच्या नोकरीवरून.

लिहिण्याचं म्हणाल तर "केलं, झालं, असं" ही बोलण्यातली रूपं. १९६२ चे मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम आले, १९७२ ला त्यात भर पडली, त्यांत ही रूपं मुख्यतः पात्राच्या तोंडी वगैरे चालतील, एरवी "केले, झाले, असे", असा रोख होता. आता नेटवर कोण "केले" लिहितं? मी इथे लिहितेय तेही "केलं"च. म्हणजे माणसं पहिल्यांदाच एवढ्या प्रमाणात बोलतात तसं लिहायला लागलीत. मला यात आनंद आहे. माझ्या आईनं जन्मात पंधरावीस पत्रं लिहिली असतील, तीही "साष्टांग नमस्कार विनंती विशेष" या साच्यात. आजच्या माझ्या विद्यार्थिनी दिवसाला शंभर ओळी लिहितात.

भाच्यासाठी एक करून बघा. मी वर्गात करते. स्वतःच्या फोनमधले शेवटचे दहा मेसेज वहीत देवनागरीत उतरवायचे. बस. खासगी असतील ते सोडून. पहिल्या दिवशी कंटाळा करतात, दुसऱ्या दिवशी भांडणं लागतात, "झालंय" वर टिंब आहे का नाही, "नाहीये" एक शब्द का दोन. गेल्या वर्षी एक मुलगा मधल्या सुट्टीत येऊन विचारून गेला की बाई "आई गं" मधला गं टिंबाचा की बिनटिंबाचा. व्याकरणाच्या तासाला हाच मुलगा झोपतो. त्याचे स्वतःचे शब्द आहेत ना ते, म्हणून त्याला पडलेलं असतं.

मले_तुले:

अकोल्यावरून. नववी_ब बाईंचं "बोलतात तसं लिहायला लागलीत" हे वाचलं आन राहवलं नाही.

आमच्या शाळेत "मले" (मला) लिहिलं की लाल गोल. "काऊन" (का) लिहिलं की लाल गोल. घरी सगळे वऱ्हाडी बोलायचे पण वहीत, पेपरात, पत्रात एकही शब्द वऱ्हाडी नाही. माह्या आजीनं जन्मभर "मले" म्हटलं, पण छापलेलं "मले" तिनं कधी पायलंच नाही. मी कॉलेजला पुण्याला गेलो तेव्हा दोन वर्षं तोंड दाबून बोललो, कोणी हसू नये म्हणून. मग गावच्या दोस्तांचा ग्रुप झाला आणि तिथं आम्ही वऱ्हाडीत लिहायला लागलो, देवनागरीतच, कारण रोमनमध्ये "राह्यला" चा ह्य हरवते. पहिल्यांदा लिहिताना हात थांबायचा. "राह्यला" लिहू का "रायला"? "माह्या" का "माया"? कोणालेच माहीत नव्हतं कारण कोणी लिहिलेलंच नव्हतं. आम्हीच ठरवलं.

एकदा बाबांना असाच लंबा मेसेज लिहिला, शेतातल्या बोअरबद्दल, वऱ्हाडीत. त्यांचा लगेच फोन. मले वाटलं बोअरचं काही बोलतील. ते म्हणे, "हे तूच लिहिलं काय? वाचताना तुह्याच आवाजात ऐकू आलं." आन मंग बराच वेळ काही बोललेच नाही.

फक्त एक त्रास आहे. बोलून लिहायचं बटन दाबलं आणि "मले" म्हटलं की तो "मला" लिहिते. दहा वेळा म्हटलं तरी "मला". शाळेतला लाल गोल परत फोनमध्ये आला असं वाटते. त्यामुळे आम्ही हातानंच टाइप करतो.

काय_बिघडलं:

@मले_तुले हे भारी होतं. @मांडवीकाठ ठरलेलं नसण्याचा मुद्दा मान्य, त्याचा विचार केला नव्हता.

न्यूजर्सीची_ताई:

आमच्याकडे उलटी अडचण. मुलगा १० वर्षांचा, घरात मराठीच बोलतो, रविवारी मराठी शाळेत जातो (बृहन्महाराष्ट्र मंडळाची, म्हणजे इथल्या मराठी लोकांच्या संस्थेची, शाळा आहे जवळ), पण आजोबांशी लिहून बोलायचं तर त्याला रोमनच येतं, आणि रोमनमुळे त्याचा ळ गेला. "बाळ" चा "बाल", "नळ" चा "नल". त्याला वाटायचं एल लिहिलंय म्हणजे ल. त्याचं काय चुकलं, अक्षरच एक आहे.

मी मग एकच केलं, माझे त्याला जाणारे मेसेज दोन ओळींत लिहायला लागले, वर देवनागरी, खाली तेच रोमन. कुणाला काही शिकवतेय असं न दाखवता. दोन-तीन महिन्यांनी जेवताना म्हणाला, "आई, तू एल दोन प्रकारे का लिहितेस?" त्या दिवशी त्याच्याकडून "कमळ" म्हणून घेतलं, चार-पाच वेळा म्हटलं त्यानं, जीभ मागे नेऊन नेऊन, आणि नंतर कॉलवर आजोबांना म्हणून दाखवलं. माजघर ताई, तुमच्या ग्रुपवर मोठी माणसं असं दोन ओळींत लिहू शकतील, आजीला वरची ओळ, भाच्याला दोन्ही.

माजघर:

तीन आठवड्यांनी लिहितेय. परत वाईला जाऊन आले. बाराखडीवाला दादा, पाटी चालली!

आजीला आधी वाटलं काचेवर ओरखडे पडतील, म्हणून बोट टेकवायलाच तयार नव्हती. मग मी तिचं बोट धरून श्री काढला. तो वर छापील उमटला तेव्हा ती बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली. संध्याकाळपर्यंत तिनं ग्रुपवर पहिला मेसेज टाकला, तसाच्या तसा देते: "मी बरी आहें. येथें पाऊस नाहीं. तूं कधीं येणार?"

तिची शाळा १९६२ च्या नियमांच्या आधीची, तेव्हा उच्चारात नसलेले हे सगळे अनुस्वार लिहायचेच, तिच्या बोटातून ते अजून येतात, "नांव", "पांच", "कां" सगळं तसंच. कुणाला उद्देशून लिहिलं होतं कळलं नाही, त्यामुळे ग्रुपातल्या प्रत्येकाला ते आपल्यालाच वाटलं. हैदराबादच्या भावानं लगेच देवनागरीत उत्तर टाकलं. काकूनं पण. भाचा आधी इंग्रजी अक्षरांत विचारायला लागला की आजी हे डॉट कसले आहेत, मग मीच त्याला फोन करून सांगितलं. तासाभरानं त्याचा मेसेज आला, देवनागरीत, त्याचा पहिलाच: "आजी मी रवीवारी येतो."

आजीचं उत्तर एका शब्दाचं: "रविवारी."

भाच्यानं दुरुस्त करून परत टाकलं, आणि आला पण रविवारी.

सगळेच लगेच बदललेत असं नाही, निम्मे अजून रोमनमध्येच आहेत. दोन ओळींचं मी आणि काकू करतोय. एक मात्र अडलंय, दादा असाल तर सांगा. आजी जोडाक्षर जुन्या पद्धतीनं एकाखाली एक काढते, "पक्का" मधला क्क, "विठ्ठल" मधला ठ्ठ, आणि पाटीला ते ओळखता येत नाही, दरवेळी वेगळंच काहीतरी उमटतं. काल विठ्ठल लिहायला तिनं पाऊण तास घालवला आणि मला फोन करून म्हणाली की आषाढीच्या आत हे जमलं पाहिजे. काही सेटिंग असतं का याला?